उरलेल्या सत्तर गोळ्या

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलं आहे) :

"सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, बारा वर्षांपासून शुगर आहे. वय 71. आमचे मेडिकलवाले तीन महिन्यांचं औषध एकदम घेतलं की वीस टक्के सूट देतात, म्हणून 5 जानेवारीला ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीच्या 180 गोळ्या आणल्या. दिवसातून दोन घ्यायच्या होत्या. सकाळची सासूबाई हातावर ठेवतात, संध्याकाळची अण्णा प्रीतिसंगमावरून फिरून आले की आपली आपण घेतात. 21 मार्चला तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 9.1 आली. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून इन्सुलिन सुरू केलं, सकाळी 18 आणि रात्री 12 युनिट. मेटफॉर्मिन वेगळी दिली, विल्डाग्लिप्टिन ही शुगरची दुसरी गोळी आधीपासून आहेच. आता बंद केलेल्या गोळीची सात पाकिटं न फोडलेली आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, मलाही हीच गोळी आहे, मला दे. दिवाळीत आमच्या आतेसासूबाई गेल्या, त्यांच्या पेनाच्या इन्सुलिनच्या चार नळ्या फ्रिजमध्ये आहेत. त्या अण्णांना चालतील का? इन्सुलिनच्या नव्या बाटल्याही पाच घेऊन ठेवल्यात, सूट होती म्हणून. महिन्याला 4,200 रुपये जातात आणि घरात पगार एकच. एकदम घेणं बरोबर की चूक? उरलेलं टाकून द्यायचं जिवावर येतं.
— एक सून, कराड"

ताई, पत्र वाचून झाल्यावर मी उत्तराआधी एक वजाबाकी केली. तीच तुम्हाला पहिल्यांदा दाखवते.

5 जानेवारी ते 21 मार्च, दिवस झाले 75. रोज दोन म्हणजे 150 गोळ्या पोटात जायला हव्या होत्या. बिल 180 चं आहे, म्हणजे घरात राहायला हव्यात 30, तीन पाकिटं. तुमच्याकडे आहेत सात. पाकीट दहाचं धरलं तर चाळीस गोळ्या अण्णांनी घेतलेल्याच नाहीत. आधीच्या खरेदीतली पाकिटं यात मिसळली असतील तर हिशेब बदलेल, ते बिलावरचा बॅच नंबर पाहून तपासा. पण तसं नसेल, आणि सकाळची गोळी सासूबाईंच्या हातून खरंच जात असेल, तर ही चाळीसच्या चाळीस संध्याकाळची आहे. पंचाहत्तर संध्याकाळींपैकी चाळीस.

मी एकतीस वर्षं मेडिकल चालवलं. सुरुवातीची पंधरा वर्षं गिऱ्हाईक उरलेली पाकिटं बदलून मागायला आलं की मी एक्स्पायरी बघायचे, बिल बघायचे आणि मनातल्या मनात कुरकुरायचे. ही पाकिटं उरली कशी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पुढे एकदा एका डॉक्टरांनी माझ्यासमोर एका पेशंटला सांगितलं की पुढच्या वेळी येताना घरातला औषधाचा सगळा डबा घेऊन या, रिपोर्ट विसरलात तरी चालेल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणूस डॉक्टरांना सांगतो की वेळच्या वेळी घेतो. डबा खरं सांगतो.

आता बघा काय झालंय. संध्याकाळची गोळी निम्म्याहून जास्त वेळा चुकली, शुगर चढली, रिपोर्टात 9.1 आलं. डॉक्टरांपुढे रिपोर्ट होता, सात पाकिटं नव्हती. त्यांना वाटलं, गोळी पूर्ण घेऊनही एवढी शुगर म्हणजे गोळी पुरी पडत नाही. त्यांनी पुढची पायरी घेतली. अण्णांना इन्सुलिन लागलंच नसतं असं मी म्हणत नाही. बारा वर्षांच्या मधुमेहात ती वेळ अनेकांवर येते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण 18 आणि 12 हे आकडे ज्या माहितीवर ठरले, त्यात चाळीस गोळ्यांची माहिती नव्हती. ती डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे, याच आठवड्यात, फोनवर का होईना. स्वतःच्या मनाने एक युनिटही कमी-जास्त करू नका. अडचण अशी की इन्सुलिन सुरू झालं की घरातले सगळे जागे होतात, पथ्य कडक होतं, एकही डोस चुकत नाही, आणि मग शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ असं काही झालं तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा बघायची. 70 च्या खाली असेल तर परत द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आता आतेसासूबाईंच्या नळ्या. ताई, त्या नकोत, आणि यात मला घासाघीस चालणार नाही.

इन्सुलिन किती घट्ट आहे ते प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे सिरिंजने घ्यायच्या बाटलीत बहुधा एका मिलीलिटरला 40 युनिट असतात, 10 मिलीची बाटली म्हणजे 400 युनिट. पेनाच्या नळीत एका मिलीला 100 युनिट, 3 मिलीची नळी म्हणजे 300. लाल टोपीची सिरिंज 40 वाल्या बाटलीसाठी, केशरी टोपीची 100 वाल्यासाठी. माझ्या दुकानात येणाऱ्या एका आजोबांना मुलीने तिच्याकडच्या उरलेल्या नळ्या प्रेमाने पाठवल्या. पेन नव्हतं. त्यांनी लाल टोपीच्या सिरिंजने नळीतूनच अठराच्या खुणेपर्यंत ओढलं. अठराची खूण म्हणजे 0.45 मिली, आणि 100 वाल्या नळीतून तेवढंच ओढलं की होतात 45 युनिट. अडीचपट. पहाटे सुनेला ते गादीवर घामाने निथळलेले सापडले. वाचले, पण थोडक्यात. तुमच्या पत्रातली "टाकून द्यायचं जिवावर येतं" ही ओळ वाचताना मला तीच गादी दिसली. शिवाय त्या नळ्यांत मिश्र इन्सुलिन आहे की चोवीस तासांचं, दिवाळीपासून फ्रिज किती वेळा बंद पडला, त्या बर्फाच्या कप्प्याला टेकून होत्या का, हे कुणाला सांगता येणार आहे? गोठून वितळलेलं इन्सुलिन बघायला ठीक दिसू शकतं आणि काम मात्र करत नाही.

शेजारच्या काकूंनाही पाकिटं देऊ नका. त्यांची आणि अण्णांची गोळी "हीच" आहे असं त्या नाव बघून म्हणतात. पण ग्लिमेपिराइड अर्धा मिलिग्रॅमपासून चार मिलिग्रॅमपर्यंत मिळतं आणि पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सगळ्यांवर जवळजवळ सारखंच असतं, फरक मागच्या आकड्यात. ही गोळी जेवण चुकलं तरी शुगर खाली ओढते, आणि वयस्कर माणसात किंवा किडनी नाजूक असेल तर तिचा परिणाम लांबतो. काकूंचा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, तुम्हाला माहीत नाही, आणि बहुधा त्यांनाही नाही. वाईटपणा नको असेल तर माझं नाव सांगा.

मग सात पाकिटांचं करायचं काय? आधी मेडिकलवाल्यांकडे न्या, बिलासह. न फोडलेली, बॅच जुळणारी, एक्स्पायरी लांब असलेली पाकिटं ओळखीचं दुकान बऱ्याचदा दुसऱ्या औषधाच्या बदल्यात घेतं. तो हक्क नाही, व्यवहार आहे, तेव्हा गोड बोलून मागा. इन्सुलिन मात्र कुठलाही शहाणा दुकानदार परत घेणार नाही आणि घेतलं तर तुम्हीच त्या दुकानात जाणं सोडा, कारण तुमच्या घरून आलेली बाटली तो उद्या दुसऱ्याला विकणार आहे. दुकानाने नाही म्हटलं तर डॉक्टरांना विचारा. काही धर्मादाय दवाखाने अशी बंद पाकिटं घेतात आणि तिथले डॉक्टर तपासून देतात. दिल्लीत ओंकारनाथ शर्मा नावाचे गृहस्थ, ज्यांना लोक 'मेडिसिन बाबा' म्हणतात, दारोदार फिरून उरलेली औषधं गोळा करत आले आहेत. तेसुद्धा ती दवाखान्यांना किंवा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणाऱ्या गरजूंना देतात, शेजाऱ्यांना नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर "अर्ध्या किमतीत देणे आहे" असं टाकणं, जे हल्ली सर्रास दिसतं, ते परवान्याशिवाय औषध विकणं झालं. 1940 च्या औषध कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे.

आणि जे कुणालाच देता येत नाही, ते टाकायचं. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी बांधा, म्हणजे कुत्र्याच्या किंवा पोराच्या तोंडी लागत नाहीत. संडासात ओतू नका, शेवटी ते पाणी कृष्णेलाच जातं. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि घंटागाडीवाल्याला वेगळं सांगून हातात द्या. घनकचरा नियमांप्रमाणे घरातल्या सुया आणि जुनी औषधं वेगळ्या कप्प्यात द्यायची असतात. गाडीत तो कप्पा असो नसो, ओल्या कचऱ्यात सुई टाकली की ती कुणाच्या बोटात जाते हे तुम्हाला सांगायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, एकदम घेण्याचा.

औषध पाकिटांत मोजू नका, दिवसांत मोजा. तुमच्या पाच बाटल्या म्हणजे 2,000 युनिट. रोज 30 प्रमाणे 66 दिवस. एक बाटली साधारण तेरा दिवसांत संपते, त्यामुळे फोडल्यानंतरच्या मुदतीचा प्रश्न तुम्हाला येत नाही (ती मुदत बहुतेक इन्सुलिनला 28 दिवस असते, काहींना जास्त, आतल्या कागदावर लिहिलेली असते). न फोडलेल्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत, एक्स्पायरीपर्यंत टिकतात. म्हणजे नुकसान झालेलं नाही. पण इन्सुलिन नुकतं सुरू झालंय, पहिल्या दोन महिन्यांत डोस दोनतीनदा बदलतो, कधी प्रकारच बदलतो. अशा वेळी महिन्याचं आणि वर एक बाटली, एवढंच घरात असावं. वर एक बाटली लागतेच, कारण हातातून काच पडते. उन्हाळ्यात लाइट फार जात असेल तर बाटली डब्यात घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायची पद्धत खेड्यापाड्यांत आहे आणि ती चांगली आहे.

ज्यांना रोज दहाच युनिट लागतात, अशांचं गणित उलटं होतं. 400 ची बाटली त्यांना चाळीस दिवस पुरते, पण 28 दिवसांची मुदत असेल तर शेवटची 120 युनिट फेकावी लागतात. त्यांना 300 ची पेनाची नळी, दर वेळी दोन युनिट सुईतून उडवून पाहायची धरली तरी, पंचवीस दिवसांत संपते. म्हणून "बाटली स्वस्त" हे वाक्य प्रत्येकाला लागू नाही. तुम्हाला लागू आहे. मिश्र मानवी इन्सुलिनची बाटली दीडशे-पावणेदोनशेच्या घरात मिळते.

गोळ्यांचं धोरण सोपं आहे. सहा महिने न बदललेली गोळी तीन महिन्यांची घ्या, खुशाल. नवी किंवा डोस बदललेली गोळी पहिल्यांदा पंधरा दिवसांचीच. दुकानदार पाकीट कापून द्यायला नाक मुरडतो, मीही मुरडायचे, कारण उरलेला तुकडा कुणी घेत नाही. पण सुटी गोळी दिली तर तिचा दर पाकिटाच्या हिशेबानेच लावावा लागतो, 2013 च्या औषध किंमत आदेशात तसं स्पष्ट आहे. घरी पाकीट वापरताना एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटी राहू द्या, नाहीतर चार गोळ्या उरतात आणि त्या कधीच्या ते कळत नाही. डॉक्टरांना चिठ्ठीवर "दर महिन्याला, तीन वेळा" असं लिहायला सांगा. तसं न लिहिलेली चिठ्ठी नियमाने एकदाच चालते. आपल्याकडे कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

वीस टक्के सुटीबद्दल एक वाक्य तुम्हाला आवडणार नाही. सूट कशावर आहे ते बघा. समजा, एक गोळी छापील 14 रुपयांची, सूट जाऊन 11.20 ला पडली. तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, दुसऱ्या कंपनीचं छापील 6 रुपयांना असेल आणि सूट शून्य असेल, तर सूट कुणाला मिळाली? विल्डाग्लिप्टिनचं पेटंट 2019 च्या डिसेंबरात संपलं, त्यानंतर ते कितीतरी कंपन्या बनवू लागल्या आणि भाव कोसळले. पण ज्यांची चिठ्ठी त्याआधीची, त्यांच्या घरी जुनं महागडं नाव वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या आणखी एका गोळीचं तसंच 2025 च्या मार्चमध्ये झालं. अण्णांच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक गोळीचं खालचं बारीक अक्षरातलं नाव एका कागदावर उतरवा, 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर त्याचा भाव बघा, मग डॉक्टरांना विचारा की हे दिलं तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात. एकदा बदललं की दर महिन्याला कंपनी बदलत बसू नका. आकार-रंग बदलला की वयस्कर माणूस एकच औषध दोन समजून दोन्ही घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा बिलात जुना दर लागलेला नाही ना, तेही एकदा बघाच.

4,200 चा तपशील तुम्ही दिला नाहीत, पण माझा अंदाज असा की त्यात इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्या मिळून निम्म्यानेही नसतील. उरलेलं असतं नसांच्या ताकदीची कॅप्सूल, मधुमेहींची पावडर, आणि पट्ट्या. पावडर बंद केली तर काही बिघडत नाही, तेवढ्या पैशात दूध आणि मूग येतात. नसांची कॅप्सूल मात्र विचारूनच थांबवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं आणि त्या कॅप्सूलमध्ये बहुधा तेच असतं, म्हणून तपासणी करून मग ठरवायचं. पट्ट्यांवर आत्ता कंजूषी करू नका, इन्सुलिनचे पहिले दिवस आहेत. पुढे डॉक्टर सांगतील तशा कमी होतील. पट्ट्यांचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा, नंतर त्या ठरावीक महिनेच खरं सांगतात, आणि एका मीटरच्या पट्ट्या दुसऱ्याला चालत नाहीत, तेव्हा स्वस्तात मीटर मिळतंय म्हणून बदलू नका.

आणि कराडला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे अण्णांचं नाव घालाच. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी अशी रोजची औषधं तिथून मिळू शकतात. कधी साठा नसतो, कधी पंधरा दिवसांचीच देतात, रांग असते. म्हणून सगळं तिथूनच मिळेल असं धरून खासगी डॉक्टर सोडू नका, पण जे मिळेल ते घ्या. महात्मा फुले योजनेचं कार्ड असेल तर ते दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी असतं, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. अनेक जण त्या भरवशावर राहतात.

राहता राहिले अण्णा. संध्याकाळची गोळी का राहिली हे त्यांना विचारायला हवं आणि ते काम तुमच्यावरच येणार. विसरले असतील, हे एक कारण. पण दुसरंही असू शकतं. गोळी घेतली, जेवायला उशीर झाला आणि थरथर सुटली, असं एकदोनदा झालं की माणूस कुणाला न सांगता ती गोळी सोडून देतो. प्रीतिसंगमाच्या बाकावर एकट्याला घाम फुटला असेल तर ते घरी येऊन सांगणाऱ्यातले आहेत का, हे तुम्हाला ठाऊक. किंवा तुमच्या घरचा पगार एकच आहे हे त्यांनाही माहीत आहे आणि ते आपल्या परीने पुरवून वापरत असतील. या तिन्ही कारणांना डॉक्टरांचं उत्तर वेगवेगळं असेल.

विचाराल तेव्हा सात पाकिटं समोर मांडू नका. आणि सासूबाई स्वयंपाकघरात असू द्या.